आतून कडी लागणारी कागदाची खोली

राहुलचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेत प्रार्थना चालू होती. रांगेच्या मागे सरकून मी फोन कानाला लावला. माझा हा धाकटा भाऊ एरवी फोनवर आधी खेकसतो, मग बोलतो. त्या दिवशी आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "ताई, आत्या उठंना गं." आणि मी काही विचारायच्या आत, "दाराची कडी काढलेली हाय." भोरहून नसरापूर, तिथून गाडी बदलून विंझरच्या अलीकडची आमची वस्ती... या सगळ्या वाटेत आत्या गेली हे मला कळत होतं, पण डोक्यात फिरत होतं ते दुसरंच वाक्य. स्वतःच्या खोलीत राहायला गेल्यापासून आत्या कडी लावल्याशिवाय कधी झोपली नव्हती.

सुमनआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत एकटीच चालत माहेरी परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, आमच्या घरात कुणी विचारलं नाही. तेव्हापासून तिची जागा पडवीत. एका बाजूला कुडाच्या पलीकडं शेळ्या, दुसऱ्या बाजूला घरात जायची वाट. कुणी पाणी प्यायला उठलं तरी तिच्या अंथरुणावरून जायचं. मी दहावीला होते तेव्हा घरातला बरा दिवा पडवीतच होता. आत्यानं अंथरूण उचललं आणि शेळ्यांकडच्या अंधारात नेलं. "मला कुठंबी झोप लागती. तू वाच," एवढंच म्हणाली. पुढं मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. विहारात माझा सत्कार झाला, लोक भाषणं करत होते. घरी येताना आत्यानं हळूच विचारलं, "आता तुला दार असलेली खोली मिळंल का गं?" शिकण्याचा शेवट तिच्या लेखी तिथं होता. तिला स्वतःलाही दुसरं काही नको होतं. "लई मोटी नगं," ती म्हणायची, "आतनं कडी लावता यावी, यवडीच."

वडिलांनी जाण्याआधी परसातला एक तुकडा तिच्या नावानं बोलून ठेवला होता, पण विटा-वाळूची खोली आमच्या आवाक्यातली नव्हती. त्या सुमारास शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. रद्दी भिजवून, तिचा लगदा करून, त्यात सिमेंट आणि वाळू घालून विटा पाडत होते. पेपरक्रीट म्हणतात त्याला. मी ती आत्याला दाखवली ती गंमत म्हणून.

"कागदाची भित? उंदरं खातील की गं बाये!"

"सिमेंट असतं आत्या त्यात."

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "पुन्यांदा लाव."

त्यानंतर आमच्या घरात कागद येऊ लागला. रद्दीवाल्याकडून वर्तमानपत्रं, पानशेतच्या खाणावळींतून पुठ्ठ्याची खोकी, भोरच्या छापखान्यातून उरलेल्या लग्नपत्रिका. आत्या सगळं पिंपात भिजत घालायची. चित्रफितीतली माणसं यंत्रानं लगदा करत होती. आमच्याकडं यंत्र नव्हतं, म्हणून राहुल म्हणाला की मातीचा चिखल तुडवतो तसा पायानं तुडवू. आत्यानं त्याला पिंपापाशी येऊ दिलं नाही. "अक्षरावर पाय द्यायचा न्हाई. आपल्याला ती मिळाया किती पिढ्या गेल्या, म्हाईत हाय का तुला?" मग तिनं भात सडायचं जुनं उखळ बाहेर काढलं आणि मुसळानं कागद कुटायला बसली. भिजल्या कागदावर मुसळ वाजत नाही, दबक्या पावलासारखं पडतं. धप्... धप्... सुट्टीला घरी गेले की त्या आवाजानंच मला जाग यायची. अजूनही कधी पहाटे येते.

कुटायच्या आधी पत्रिकांमधली चित्रं कापून काढायची, हाही तिचाच नियम. बुद्ध आमच्या घरात राहायचे, गणपती शेजारच्या पारूबाईंकडं जायचे. "दुसऱ्याचा द्येव झाला म्हून काय, कुटायचा व्हय?" पारूबाई आणि ती एका वयाच्या, दिवसभर एकमेकींवर ओरडणाऱ्या. एकदा पारूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सुमन, बास कर गं आता! माझ्या द्येवाऱ्यात गणपतीला बसाया जागा न्हाई, आन् तुझी भित कुठं दिसंना." "दिसंल, दिसंल," आत्या म्हणाली, "तवा दारावर टकटक करून आत ये. तशी येऊ देणार न्हाई." पत्रिका वाचत वाचत कापल्यामुळं तिला आसपासच्या दोन तालुक्यांतली लग्नं पाठ झाली होती. न पाहिलेल्या नवरीचं नाव ती दोनदा उच्चारायची आणि मगच कागद पाण्यात सोडायची. असं का, विचारलं तर म्हणाली, "चांगल्या घरी पडू दे."

पहिली भिंत पावसानं खाल्ली. आम्ही विटा नीट वाळायच्या आत, थेट जमिनीवर रचल्या होत्या. आमच्याकडच्या पावसात दगड पाझरतो, तिथं कागदाचं काय... खालचा थर पाणी पीत गेला, फुगला, आणि एके सकाळी भिंतीच्या पायथ्याशी पांढऱ्या अळंब्या उगवल्या. राहुल म्हणाला, "आत्या, भितीची भाजी करूया का?" ती हसली. खूप हसली. मग पडवीत गेली आणि भिंतीकडं पाठ करून पडून राहिली. दोन दिवसांत भिंत बसली. उरलेला पावसाळाभर तिनं खोलीचं नाव काढलं नाही, आणि मला वाटलं, संपलं. पण भात निघाल्यावर तिचाच फोन आला, "ती मोबाईलवरची माणसं कुठल्या गावची गं? तितं पाऊस पडतो का?" मी शोधून पाहिलं. कोरड्या मुलखातली होती. "मंग त्यांचं ऐकून कसं चालंल?" ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला आम्ही गुडघाभर उंच दगडी चौथरा घेतला. छपराचा भार लोखंडी खांबांवर टाकला, भिंती नुसत्या मधे भरल्या, पत्रे चांगले हातभर पुढं काढले, बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. चूल आत नेणार नाही असं मी तिच्याकडून वचन घेतलं. कोरडी वीट पेटली तर आतल्या आत धुमसत राहते, असं वाचलं होतं. अख्खा उन्हाळा तिनं विटा उलटसुलट करून वाळवल्या. प्रत्येक वीट तळहातावर तोलायची, वाळल्या भाकरीसारखी हलकी लागली तरच भिंतीत जायची. दार बसवायला सुतार आला. आतली कडी लावून झाल्यावर त्यानं बाहेरच्या कडीसाठी भोकं पाडायला घेतली. आत्यानं त्याचा हात धरला. "भाईरनं नगं."

"अवो मावशी, गावाला गेलात तर कुलूप कशाला लावाल?"

"भाईरनं कडी लागली की आतल्याचं काय व्हतं, ते मला म्हाईत हाय."

सुतारानं सामान आवरलं. मी तिच्याकडं पाहिलं. ती खाली पडलेला भुसा गोळा करत होती. ती माहेरी एकटी का चालत आली, याबद्दल तिच्या तोंडून आम्हाला मिळालं ते एवढंच. जन्मभर विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही.

राहायला गेली त्या संध्याकाळी तिनं कडी लावली, काढली, परत लावली. शेवटी पारूबाई बाहेरून ओरडल्या, "अगं, झोप की आता! का कडीचं लगीन लावतीस?" आतून तिचं हसू आलं, पण लांबून आल्यासारखं. त्या खोलीत आवाज घुमत नाही. कागदाच्या भिंती तो पिऊन टाकतात. तिला ते फार आवडायचं. "हितं बोललं की भित ऐकून ठिवती," म्हणायची. आतल्या बाजूला गिलावा तिनं करू दिला नव्हता. हातानं कुटलेल्या लगद्यात नीट न मोडलेले कागदाचे कपटे राहिले होते, त्यामुळं भिंतीत कुठं "चि.", कुठं एखाद्या नवरीच्या नावाचं अर्धं अक्षर अजून दिसतं. एक पावसाळा ती तिथं राहिली. रोज सकाळी पश्चिमेच्या, पावसाच्या भिंतीवर तळवा ठेवून ओल बघायची, मग दार उघडायची. मी फोनवर आधी तेच विचारायचे. ती म्हणायची, "गार न्हाई."

ती गेली तेव्हा पाऊस उघडून गेला होता. मी पोहोचले तर ती कुशीवर, हात उशाखाली, पांघरूण नीट. राहुल सांगत होता, "न्हेमी म्या हाक मारली की ती कडी काढायची. आज हाक मारली आन् दार नुसतं ढकललं तर उघडलं." पहाटे कधीतरी ती उठली असेल, कडी काढली असेल, आणि परत येऊन निजली असेल. तिला बरं वाटत नव्हतं म्हणून कुणाला हाक मारायची होती, की दार कुणाला फोडावं लागू नये म्हणून... मला माहीत नाही. पारूबाई उंबऱ्यापाशी आल्या, उघड्या दारावर दोनदा टकटक केली आणि मगच आत आल्या.

जलदान विधी होऊन आता काही आठवडे झाले. परवा मी सकाळच्या गाडीनं गेले. धुकं होतं. नव्या भाताची पोती चौथऱ्यावर ठेवलेली, दवानं ओली. "आत ठेव की रे," मी म्हटलं. राहुल म्हणाला, "ठिवायलाच आणली व्हती. दार ढकललं आन् वाटलं, आपुन न इचारता आलो." त्याच्या हातात एक नवं कुलूपही होतं. ते घेऊन तो किती दिवस फिरतोय, मी विचारलं नाही.

मी टकटक केली. आत गेले, दार लावलं, कडी सरकवली. बाहेर राहुल शेळ्यांवर ओरडत होता, तो आवाज तुटल्यासारखा बारीक झाला. पश्चिमेच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या बराच खाली, एक काळपट डाग आहे. रोज त्याच जागी ठेवलेल्या तळव्याचा. मी वाकून तिथं हात ठेवला. बाहेर चौथऱ्याचा दगड गारठलेला होता, कडीचं लोखंड बोटांना झोंबलं होतं. भिंत गार नव्हती. कागदाची भिंत अंगातली ऊब ओढून घेत नाही, म्हणून ती अशी लागते, हे मला माहीत आहे. मी ते वाचलेलं आहे. तरीही, कुणीतरी आत्ताच हात उचलून बाजूला झालं असावं, तशी ती होती.

"आत्या," मी म्हटलं. आवाज भिंतीत गेला आणि तिथंच राहिला.

निघताना कडी काढली. राहुल कुलूप घेऊन पुढं आला, दाराकडं पाहिलं आणि थांबला. बाहेरून लावायला तिथं काही नाही. आम्ही दार नुसतं लोटून घेतलं.