वजनाचा दिवस

“हात वर कर. सगळ्यांना दिसू दे, हे कुणाचं पोर आहे ते.”

मॅडम म्हणाल्या आणि मी हात वर केला. आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. आढ्याला टांगलेल्या काट्याच्या झोळीत माझा किसन लोंबत होता. त्याच्यात रडायचीही ताकद नव्हती. वजन लालमध्ये आलं. लाल म्हणजे पोर पार वाळलेलं.

लालमधल्या पोरांच्या आयांना मॅडम भिंतीशी उभं करायच्या. बाकीच्या बाया खाली बसून बघायच्या.

“पोरं काढायला बरी जमतात. त्यांना खायला घालायला काय होतं? स्वतः तर गिळतेस ना?”

मी खाली बघत राहिले. मॅडम नाशिकला इंदिरानगरात राहायच्या, आमच्या हरसूलकडच्या अंगणवाड्या तपासायला गाडीने यायच्या. त्यांना काय सांगणार? भातकापणी झाली की आम्ही पोटामागे द्राक्षाच्या मळ्यांवर जातो. किसन पोटात असतानाही गेले. गरोदर बाईला ताजं जेवण आणि अंडं मिळतं, पण गावच्या अंगणवाडीत. मळ्याजवळच्या अंगणवाडीत विचारलं तर म्हणाले, तुझं नाव तिकडं आहे. नाव गावात, पोट मळ्यात. उपाशीपोटी क्रेट उचलले. किसन जन्मला तोच मुठीएवढा. मला दूधही पुरेसं आलं नाही.

हे सगळं तोंडाशी आलं होतं, पण मॅडमपुढे तोंड उघडायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. जाताना त्या म्हणाल्या, “पुढच्या वजनालाही लाल आलं तर गाडीने दवाखान्यात भरती करू. तोवर सुधारा जरा.”

पुढच्या वजनाच्या दिवशी सासू म्हणाली, “तू र्‍हा घरी. मी नेते त्याला.”

किसन पिवळ्यात आला, म्हणजे लालपेक्षा बरा. मॅडमना मोठा आनंद झाला म्हणे. “बघा, ओरडल्याशिवाय या बाया सुधारत नाहीत.” दवाखान्याची गाडी आली, दुसरी दोन पोरं घेऊन गेली. किसन घरीच राहिला. मला हायसं वाटलं.

पावसाळ्यात, भाताच्या आवणीच्या दिवसांत त्याला जुलाब लागले. त्याच्या अंगात झुंजायला होतंच काय? आम्ही त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. वाहन मिळेपर्यंत तो गेला होता. परत येताना झोळी नवऱ्याच्या खांद्यावर होती. मी मागून चालत होते.

मग मॅडम घरी आल्या. शेजारून त्यांच्यासाठी खुर्ची आणली. आम्ही खाली बसलो.

“पिवळ्यात होतं पोर. एवढ्यात असं कसं झालं? काय खायला घातलंत? की काहीच नाही घातलं?”

सासू उठून आत गेली. हातात घालायची चांदीची कडी तिने आणून मॅडमच्या पायाशी ठेवली. तिच्या लग्नातली, जाडजूड. घरात तेवढीच चांदी.

“वजनाच्या दिवशी ही त्याच्या लंगोटात बांधली होती. वरून पेज पाजली, पोट फुगेस्तोवर.”

मॅडमना आधी समजलंच नाही. मलाही नाही.

“का केलंत असं, म्हातारे?”

“माझ्या सुनेला उभं करता म्हून.”

वजन करणारी अंगणवाडीची ताई दारात होती. तिने मान फिरवली. लंगोट तिच्याच हाताखालून गेला होता. तिला कळलं असेल का, ती जाणे. लालमधल्या पोरांचा आकडा वाढला की तिलाही बोलणी बसायची.

सासूला मी एका शब्दानं बोलले नाही. तिने माझी लाज झाकली, आणि त्याखाली माझं पोर गेलं. ती बाई आता जेवत नाही धड.

मॅडम जरा सैल झाल्या. खुर्चीत टेकून बसल्या. “म्हणजे घरच्यांचीच चूक. वरून साहेब येतील, तेव्हा हेच सांगायचं. ऐकतेस का? उठून उभी राहा, मी बोलते आहे तुझ्याशी.”

“नाय.”

“काय?”

“नाय उठणार. आन नुसतं कड्यांचंच नाय सांगणार. आधी मला भिंतीशी उभं केलं, ते सांगीन. मंग कड्यांचं.”

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा सरळ बघितलं. त्या उठल्या, गाडीत बसल्या, गेल्या. साहेब काही आले नाहीत. मॅडम अजून त्याच आहेत. बाया अजून भिंतीशी उभ्या राहतात. खोटं कशाला सांगू, काही बदललं नाही. बदलेल असंही वाटत नाही.

मला पुन्हा दिवस गेलेत. नवरा नाशिकला, अंबडच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला लागलाय, महिन्यातून एकदा येतो. मी यंदा मळ्यावर गेले नाही. उधारीवर दिवस काढतोय. अंगणवाडीतलं जेवण मी तिथंच बसून खाते, हक्कानं, कुणी काही बोललं तरी.

हे पोर जगेल की नाही, मला माहीत नाही. जगलं, तर काट्यावर मी स्वतः टांगीन, अंगावर सूतभर चिंधी न ठेवता. लाल आलं तर सगळ्यांदेखत मीच ओरडून सांगीन, लाल आहे. आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत मॅडमची जीप पाड्यावरून हलू देणार नाही. चाकाखाली घालायचं असेल तर मला घाला.