मुकी मांडी

कबड्डीत अंबिका चढाईला निघाली की मैदानाबाहेरचा वडेवालाही झारा हातात धरून बघत राहायचा. दिवसा परळच्या एका ऑफिसात रिसेप्शनवर, संध्याकाळी नायगावच्या मैदानात, असं तिचं आयुष्य. खेळ शिकवणाऱ्या गुणाजी मास्तरांनी तिला लहानपणीच एक मंत्र दिला होता: लागलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. कुठं दुखतंय ते कळलं की समोरची नेमका त्याच पायाला हात घालते. मंत्र मैदानापुरता होता, पण या बयेने तो जन्माला बांधून घेतला.

डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, तरी खोड गेली नाही. फिजिओथेरपिस्ट नूपुरने "दुखतंय का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "छे, एकदम मस्त!" घरी मात्र दार लावून चोरून उठाबशा. गुडघा टम्म फुगायचा.

"गो, गुडघो सुजलो हा. डॉक्टरणीक सांग," आई सुभद्रा म्हणायची.

"गप गे आये. सांगितलं तर ती खेळायला सोडायची नाही."

आज तपासणी होती. मांडी कामाला लागली नाही तर मैदान विसरायचं, असं सर्जननी बजावलं होतं. नूपुरने दोन्ही मांड्यांवर चिकटपट्ट्या लावून तारा स्नायूचं काम मोजणाऱ्या मशीनला जोडल्या. दोन्ही गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली.

"उजव्या गुडघ्याने टॉवेल दाब."

पडद्यावर रेष उसळली.

"आता डाव्याने."

अंबिकाने दातओठ खाऊन जोर लावला. कंबर उचलली गेली, मानेच्या शिरा ताठल्या. रेष जागची हलली नाही.

"मशीन बिघडलंय तुमचं."

नूपुरने तारांची अदलाबदल केली. उजवी पुन्हा उसळली, डावी पुन्हा मुकी. सगळी सोंगं आणता येतात, मांडीचं आणता येत नाही.

"गुडघा सुजलेला असला की शरीर मांडीला कामच करू देत नाही, अंबिका. तू कंबरेने जोर लावतेयस. हे असंच राहिलं तर चढाई सोड, जिना उतरताना पाय दगा देईल. खरं सांग, कुठं दुखतंय?"

अंबिकाची नजर शेजारी गेली. शेजारच्या खाटेला नुसता कापडी पडदा होता आणि पलीकडे लालबागच्या संघाची प्राची खांदा शेकत पडली होती. हिच्याच पकडीत तो गुडघा गेला होता. इथलं प्रत्येक अक्षर तिला ऐकू जात होतं. आज सांगितलं तर उद्या मैदानात ती हात कुठं घालेल, हे अंबिकाला पक्कं ठाऊक होतं. तिला भीती वाटली, अगदी रडू येईल इतकी. पण ती न हलणारी रेष त्याहून भयंकर होती.

"इथं," तिने बोट टेकवलं आणि चांगलं मोठ्याने सांगितलं. "आतल्या बाजूला. नुसता हात लागला तरी मी पडते. घरी चोरून उठाबशा काढते मी."

पलीकडची खाट करकरली. नूपुरने बर्फाची पिशवी आणून गुडघ्यावर बांधली. बराच वेळ ती तशीच ठेवली. मग पिशवी काढून ती म्हणाली, "जोर नको लावू. हळूच दाब, रेष येते का बघू."

अंबिकाने डोळे मिटले. पुन्हा काहीच झालं नाही तर? तिने हळूच दाबलं.

"आली का गं रेष?" पडद्यापलीकडून प्राचीने विचारलं.

अंबिकाने डोळे उघडून बघितलं.

"आली," ती म्हणाली. "थोडीशीच."