सुटलेल्या ओळीचा नाडा

निजामसरकारच्या अख्ख्या मुलखात माझ्या मामाइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, हे मी धारूरच्या किल्ल्यावर उभा राहून ओरडून सांगायला तयार आहे. वाघाला, सापाला, विजेला सगळेच भितात. त्यात काय मोठं? मामा शिंकेला भ्यायचा. शिंकेमागून पडसं येतं, पडशामागून ताप येतो, आणि तापामागून काय येतं ते तो तोंडानं उच्चारायचासुद्धा नाही. पाऊस लांबला की दुष्काळाची भीती आणि पडला की ओढ्याच्या पुराची. पोलीस अमिनाचा घोडा कोसभरावर दिसला तरी आपल्या हातून काय गुन्हा घडला असावा याचा तो विचार करीत बसायचा, आणि नीट शोधल्यावर एखाद-दुसरा त्याला सापडायचाही. एकदा सबंध महिनाभर घरात कुणाला काही झालं नाही, तर याचं अन्नावरचं मन उडालं. मामीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "इतकं बरं चालायलंय, मंजी कायतरी मोठं यायलंय." मामीनं त्या दिवशी कपाळाला हात लावला तो मला वाटतं जन्मभर काढलाच नाही.

अशा माणसाच्या हाती शास्त्रातली वचनं लागली. आमची दहा-बारा घरं नुकतीच ख्रिस्ती झाली होती आणि पंधरवड्यातून एकदा मिशनचे मास्तर तट्टावर बसून आमच्या वस्तीत यायचे. बाकीच्यांनी धर्म घेतला. मामानं औषध घेतलं म्हणा ना. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. मास्तरांनी एक ओळ म्हणावी आणि मामानं ती पुढच्या पंधरवड्यापर्यंत घोटावी, असं चालायचं. एकेका भीतीवर त्यानं एकेक वचन नेमून टाकलं होतं. सापाचं वेगळं, अमिनाचं वेगळं, पोटदुखीचं वेगळं. विजेचं वचन एकदा गडबडीत उधळलेल्या बैलापुढं म्हटलं गेलं आणि बैल थांबला, तेव्हापासून ते दोन्हीकडं लागू झालं. पुस्तक जळतं, भिजतं, त्याला वाळवी लागते, पण पोटात गेलेलं कोण काढून नेणार, असं तो आम्हांला समजावून सांगायचा. मग पोटातलं आपणच विसरलो तर, ही नवी भीती त्याला लागली. म्हणून रोज सकाळी सगळी वचनं पहिल्यापासून म्हटल्याशिवाय तो भाकरीला हात लावायचा नाही. वचनं वाढत गेली तशी भाकरी गार होत गेली.

आमच्या घरांचा धंदा दोर वळण्याचा. अंबाडीचे नाहीतर केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचे पदर घ्यायचे, एकानं फिरकीनं पीळ देत बसायचं आणि दुसऱ्यानं तो दोर हातात धरून मागं मागं चालत जायचं. फिरकीवर मामी असायची आणि मामा मागं चालायचा. वचनं पाठ करायला त्याला हाच वेळ मिळायचा, त्यामुळं झालं असं, की मागं चालल्याशिवाय त्याला एकही वचन आठवेना. रविवारी भक्तीला आमच्या कुडाच्या देवळात प्रत्येकानं उभं राहून एक वचन म्हणायचं असे. मामा उभा राहिला की पहिला शब्द तोंडातून आणि पहिलं पाऊल मागं पडायचं. लहान वचन असलं तर तो भिंतीला टेकून थांबायचा. मोठं असलं तर दारातून बाहेर. एकदा मिशनचे मोठे साहेब परीक्षेला आले होते आणि मामानं त्या दिवशी नेमकं लांबलचक स्तोत्र काढलं. तो म्हणत म्हणत बाहेर गेला, अंगण ओलांडलं, लिंबाखालून पुढं गेला, आणि साहेब पुस्तक उघडं धरून त्याच्या तोंडासमोरून चालले होते. दोघं परत आले तेव्हा साहेबांच्या टोपीवर लिंबाचा पाला होता. एक शब्द चुकला नाही, म्हणाले.

दोराची मापंही त्यानं वचनांवरच बसवली होती. गुराच्या दाव्याला चार शब्दांचं वचन, कासऱ्याला जरा मोठं, आणि विहिरीच्या जाड, लांब नाड्याला 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे अख्खं स्तोत्र. शब्द चुकला तर दोर कच्चा, अशी त्याची पक्की समजूत. मग तो दोर उकलून पुन्हा वळायचा. विकलेल्या मालाचीही त्याला फिकीर. सिरसाळ्याच्या बाजारात जुनं गिऱ्हाईक दिसलं की हा लांबूनच विचारायचा, कासरा तुटला का? एकजण वैतागून म्हणाला होता, "तुटावा म्हनून इकलास का बे?"

त्या मेंढपाळाच्या स्तोत्रात मात्र एक जागा मामाला जड जायची. अंधाऱ्या दरीतून जायची वेळ आली तरी मी भिणार नाही, अशा अर्थाची ती ओळ. तिथं दरी आहे आणि अंधार आहे, एवढंच त्याला ऐकू यायचं. ती ओळ आली की तो आवाज खाली घेऊन झपझप पावलं टाकायचा, आणि दोराला तेवढ्या जागेत पीळ कमी बसायचा. मामी फिरकीवरून ओरडायची. एका उन्हाळ्यात असाच एक नाडा वळताना कुणीतरी सांगत आलं, की वेठीला माणसं धरायला शिपाई निघालेत. शिपाई आलेच नाहीत, पण मामा ती ओळच गाळून पुढं गेला. नाडा पुरा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. उकलायला बसला, तर पुन्हा वळताना तीच ओळ म्हणावी लागणार हे आठवलं आणि तो उठला. शेवटी त्यानं तो नाडा घराच्या आढ्याला टांगला आणि हा कुणाला द्यायचा नाही म्हणून मामीला बजावलं.

पुढच्या साली पाऊस झाला नाही आणि वस्तीची विहीर आटली. तळाचा गाळ काढून अजून खणलं तर झरा लागेल असं ठरलं. मी तेव्हा विशीचा, मिशनच्या शाळेत मास्तरकी शिकत होतो आणि सुट्टीला मामाकडं आलो होतो. पाळीपाळीनं सगळेच खाली उतरत होते. चौथ्या दिवशी जुना नाडा झिजून तुटला. मामा त्या दिवशी बाजाराला गेला होता म्हणून मामीनंच आढ्यावरचा नाडा काढून दिला. उंदरांनी खाण्यापेक्षा कामाला आलेला बरा, असा तिचा हिशेब. त्या नाड्यावर मी चाळीस हात खाली उतरलो.

दुपारपर्यंत खणलं आणि एकदम झरा फुटला. मी खालून ओरडलो, वर लोक नाचायला लागले. पण पाण्याबरोबर एका बाजूची मातीही सुटली. ढेकळं पडायला लागली, पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला. मी काखेतून दोर बांधून घेतला आणि ओढा म्हणालो. त्याच वेळी मामा बाजारातून परत आला. कप्पीवरचा नाडा त्यानं बघितला आणि ओळखला.

पुढचं मामीनं मला नंतर सांगितलं. तो मटकन खाली बसला. प्रत्येक भीतीवर वचन नेमणारा हा माणूस, त्याला एक अक्षर आठवेना. पाऊस नाही तर अंबाडी नाही, त्यामुळं दुसरा नाडा वस्तीत नव्हता, आणि थांबायला वेळ नव्हता. मग तो उठला, ओढणाऱ्यांच्या सगळ्यात पुढं जाऊन त्यानं दोर धरला आणि म्हणाला, "हिसका देऊ नका कुनी. माज्या चालीनं या." दोर हातात आला, पाऊल मागं पडलं आणि तोंडातून मेंढपाळाच्या स्तोत्राचा पहिला शब्द बाहेर पडला.

मी खाली मातीच्या पाण्यात लोंबकळत ते ऐकत होतो. दोर हळूहळू, एका लयीत वर चालला होता. कप्पीपाशी कट्कन आवाज झाला. तीन पदरांपैकी एक तुटला होता. वर बायका रडायला लागल्या आणि मी डोळे मिटून घेतले. मामा थांबला नाही आणि घाईही केली नाही. ती दरीची ओळ आली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो ती मोठ्यानं, शब्द तोडून तोडून म्हणत होता. मी जसजसा वर येत होतो तसतसा त्याचा आवाज लांब जात होता. मला वाटत होतं की मामा मला सोडून चाललाय, आणि खरं तर तो मला ओढत होता.

लोकांनी मला काठावर घेतलं तेव्हा मामा पार बाभळीपर्यंत मागं गेला होता. डोळे मिटलेले, दोर मुठीत. मामीनं जाऊन त्याच्या मुठी सोडवल्या. "वर आला का?" त्यानं विचारलं. ती आला म्हणाली. मग तो तिथंच बसून लेकरासारखा रडला.

मला वाटलं होतं, आता याची भीती गेली. काही दिवसांनी मी तसं म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "भ्याव कशाला जाईल? हाय तितकंच हाय. भीत भीत म्हनलं तरी चालतंय, एवढं कळलं." आणि तेवढ्यात मला शिंक आली, तर त्यानं तुळशीचा काढा करायला मामीला पळवलं.

पुढं मानमोडीचा ताप आला आणि त्या साथीत मामा गेला. मी दूरच्या एका गावी मास्तर होतो, निरोप उशिरा मिळाला, आणि गाड्या-तट्टांची सगळीकडं वानवा. मामी सांगते, तापात तो दोन दिवस घोंगडीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरून होता. वचनं म्हणत नव्हता, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता, भाचा वर आला का म्हणून. शेवटी तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "आला. कवाच आला." तेव्हा कुठं त्यानं काठ सोडला.

मी पोचलो तो मामा गेल्यावर तिसऱ्या दिवशी.