आत्याचं एफ-पाच

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. घणसोली गावातली जमीन शहराला गेली, उरलेल्या जागेत घरं वाढली, ती अनधिकृत ठरली आणि दर वेळी त्याविरुद्ध एक पत्रक निघालं. ती सगळी पत्रकं माझ्या आत्यानं टाईप केली, तिच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून. आधी कागदावर लिहिणं तिला माहीतच नाही. ती मोठ्यानं बोलत जाते आणि बोटं मागोमाग धावतात.

तिचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम माझ्याएवढाच जुना. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर हे तिनं स्वतः बसवलेलं, आणि वरच्या ओळीतल्या एफच्या कळींवर आख्खी वाक्यं. एफ-तीन दाबलं की 'गावकरी बंधू-भगिनींनो'. एफ-पाच दाबलं की 'गरजेपोटी बांधलेल्या घरांना अनधिकृत म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या जमिनीवरून उठावे!' लहानपणी एफ-पाच दाबायला मिळावं म्हणून मी दुकान झाडून द्यायचे.

तिचा जुना कॉम्प्युटर जळाला तेव्हा हार्ड डिस्क तेवढी वाचली. नव्या मशीनवर प्रोग्रॅम चढवला, तर पडद्यावर चौकट आली: तुमची ऑपरेटिंग सिस्टिम फार जुनी आहे. नव्याकोऱ्या मशीनला हे ऐकवतोय! ज्या कंपनीनं तो बनवला ती कधीच बंद पडलेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावची सभा, तिचं पत्रक अजून व्हायचं होतं.

गावच्या समितीतला माझा चुलत भाऊ, आमचा दादूस, दुकानात आला.

"आत्ये, सोड आता. वाशीला एजन्सी हाय, तासात पत्रक बनवून देते. रंगीत, फोटोसकट. यापुढं सगली पत्रकं त्यांनाच देऊ."

"रंगीत कागूद लग्नाला वाट दादूस," आत्या म्हणाली. "आनि लिवनार कोन? ती एजन्सी? तिचं घर पाडायला आलंय का कोनी?"

तो हसला, पण हातातला मोबाईल खिशात ठेवला नाही. आत्या माझ्याकडे वळली. "काय गो, कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतेस ना? बघ जरा."

पत्रक बाहेर गेलं की आत्याचं बोलणं गेलं. ते पुन्हा कोणी मागायला येणार नाही, हे तिघांनाही कळत होतं.

मी आधी प्रोग्रॅमची एक प्रत बाजूला काढली आणि दुसरी आतून उघडली. आत नुसते आकडे आणि मशीनच्या भाषेतल्या सूचना. ती चौकट जिथून येते तिथून उलटं मागे सरकत गेले आणि एका जागी थबकले. प्रोग्रॅम विचारत होता, सिस्टिम चार-दहा किंवा त्यापुढची आहे का? नवी सिस्टिम जुन्या प्रोग्रॅमना स्वतःचा आकडा सहा-दोन सांगते. हा पठ्ठ्या आधी सहाची चारशी तुलना करायचा. ठीक. मग दोनची दहाशी. दोन लहान, चल बाहेर!

मी खुर्चीवरून उठलेच. "आत्ये, सहा वर्षं दोन महिन्यांच्या पोराला हा चार वर्षं दहा महिन्यांच्या पोराहून लहान म्हणतोय! पुढं कोणी वाढेल हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. तो नियम लिहून मोकळा झाला आणि जे वाढलं ते बेकायदा!"

"म्हंजे आपल्या घरांसारखाच हाय की," आत्या म्हणाली.

लहानपणापासून वाचलेलं प्रत्येक पत्रक त्या दोन आकड्यांत उभं होतं. 'लहान असेल तर हाकलून दे' ही सूचना मी बदलली: काहीही असलं तरी पुढे जा. सेव्ह केलं. डबल क्लिक.

चौकट आली नाही. निळी पट्टी, मागे राखाडी पान, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.

आत्या खुर्चीत सरकली आणि तिनं सरळ एफ-पाच दाबलं. आख्खं वाक्य, उद्गारचिन्हासकट, धाडकन पानावर! मी ओरडले. बाहेर झेरॉक्सला थांबलेली बाई दचकून आत डोकावली.

मग आत्या बोलू लागली आणि कळा खडखडू लागल्या. प्रिंटरमधून आलेलं गरम पान दादूसनं उभ्या-उभ्या वाचलं, परत वाचलं. मग एजन्सीला फोन लावून म्हणाला, "नको, राहू द्या. आमचं गावातच झालं."

"बाय, एफ-नऊ रिकामं हाय," आत्या मला म्हणाली. "मघाशी त्या नियमावरून वरडलीस ते सांग परत."

मी आवेशात सगळं सांगितलं: नियम, तो लिहिणारा, त्याची अक्कल.

"लांब हाय. पत्रक वाचनारा रस्त्यात उभा असतो."

तिनं दोन शब्द टिपले, चार गाळले, वाक्य कळीवर बसवलं आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. मी एफ-नऊ दाबलं.

'घरे वाढली, नियम वाढले नाहीत. चूक कोणाची?'

"हां," दादूस म्हणाला. "हे टाक शेवटी. मोठ्या अक्षरात."