रेखाताईंचं सूप आणि माझं बिनमिठाचं चिकन

"हार्ट मोठं झालंय आणि पंपिंग कमी आहे," टू-डी इकोचा रिपोर्ट वाचून डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझी बायको सुलभा शेजारच्या खुर्चीत बसली होती. वय एक्केचाळीस. पंधरा दिवसांपूर्वी तिला साधा ताप आला होता. ताप गेला, पण दम लागणं राहिलं. शिरवण्यातल्या आमच्या घराचा एकच जिना, तोही ती मध्ये थांबून चढायला लागली. संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा.

मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, मायोकार्डायटिस. म्हणजे विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. तिचं इजेक्शन फ्रॅक्शन तीस टक्के होतं. हृदयात भरलेल्या रक्तातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, ते हा आकडा सांगतो. निरोगी माणसाचा साठच्या आसपास असतो.

"बऱ्याच जणांचं सुधारतं," मॅडम म्हणाल्या. "पण मीठ आणि पाणी सांभाळायला लागेल. अर्धं काम गोळ्या करतील, अर्धं तुमच्या घरचं जेवण."

आमच्या घरचं जेवण म्हणजे सुलभा. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. मी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कुठला ट्रक कुठे जाणार ते बघतो. शेहेचाळीस वर्षांत चहापलीकडे काही केलं नव्हतं.

त्याच दिवशी तिला ॲडमिट केलं, पाच दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. डाएटिशियनने कागद दिला. पापड, लोणचं, सुकी मासळी, बाजारचं सूप, सूपात विरघळवायचे खारट क्यूब बंद. पाणी, चहा, आमटी सगळं मिळून दिवसाला दीड लिटर. कातडी काढलेलं चिकन चालेल, तेल आणि मीठ अगदी कमी. रोज सकाळी वजन करायचं. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर लगेच फोन.

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि चिकन आणलं. पहिल्या दिवशी तुकडे मोठे केले, गॅस मोठा ठेवला. बाहेरून काळे, आतून गुलाबी. परत शिजवले तर रबर झाले. सुलभाने एक तुकडा बराच वेळ चावला आणि हळूच ताटाच्या कडेला ठेवला.

"राग नका मानू, पन मला नाय जात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उकडून दिलं. तिसऱ्या दिवशी दही लावून. ताट तसंच परत यायचं.

चौथ्या दिवशी तिची मोठी बहीण रेखाताई सीवूड्सहून डबा घेऊन आली. चिकन सूप. सुलभाने वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जेवल्याचं समाधान दिसलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी ओट्याशी उभा होतो, हाताला लसणाचा वास येत होता, आणि मी जळत होतो.

रेखाताई रोज यायला लागली. ती आली की सुलभा उशीला टेकून बसायची, हसायची. माझ्याशी बोलायला तिला दम लागायचा, बहिणीशी नाही, असं मला वाटायचं. शेजारीण जिन्यात म्हणाली, "बहीन हाय म्हनून निभावलं." मी दिवसभर गोळ्या देत होतो, पाणी मोजत होतो, चादरी धूत होतो. ते कुणाला दिसलं नाही. सूप दिसलं.

एकदा डब्याच्या तळाला राहिलेलं मी चाखलं. चांगलंच खारट होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, चव कशाने येते हो?"

"अहो अनंतराव, मीठ तर मी चिमूटभरच टाकते," ती म्हणाली. "दोन क्यूब टाकले की आपोआप चव येते."

आता जे लिहितोय ते लिहायला मला जड जातंय. कागदावर क्यूबला मनाई होती, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. मी बोललो असतो तर जळतोय म्हणूनच बोलतोय, असं दोघींना वाटलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. ते सूप डॉक्टरांच्या तोंडून बंद व्हावं, सगळ्यांसमोर, असं मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वजन सातशे ग्रॅम वाढलं. मी ते वहीत लिहिलं आणि मला चक्क बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाढ दोन किलोवर गेली. मी फोन उचलायच्या आतच सुलभा बाथरूमच्या दारात चौकट धरून खाली बसली. ओठ निळसर, एकेक शब्द तोडून बोलत होती.

रिक्षाने तिला इमर्जन्सीत नेलं. ऑक्सिजन लावला, शिरेतून डाययुरेटिक दिलं. हे शरीरात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध असतं. मॅडम बाहेर आल्या.

"खाण्यात काही बदल झाला?"

मी क्यूबचं सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, केसपेपरवर तारीख लिहिली आणि त्या आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जे मला हवं होतं ते घडलं होतं, आणि बाहेरच्या बाकड्यावर मला बसवेना.

दोन दिवसांनी तिला नीट बोलता यायला लागलं. मी तिला सगळं सांगितलं, वहीतला आकडा बघून बरं वाटलं तेसुद्धा.

"मला काय खारट लागत नव्हतं?" ती म्हणाली. "लागत होतं. पन इतक्या दिवसांनी कायतरी गोड लागलं, म्हनून मी पन गप बसले." मग म्हणाली, "तुमी मात्र बोलायला पायजे होतं."

रेखाताईला मीच जाऊन सांगितलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्यापासून माझ्याकडे या. मला बिनमिठाचं येत नाही, तुम्हाला चिकन येत नाही. बघू."

तिच्या ओट्यापाशी मी शिकलो. चिकन बोटाएवढं पातळ कापायचं. दही, लसूण, आलं, मिरपूड आणि भाजलेल्या धण्या-जिऱ्याची पूड लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवायचं. एक चमचा तेल, तवा तापला की मध्यम आच, वर झाकण. मधला जाड तुकडा मोडून बघायचा. गुलाबी दिसला तर अजून थोडं. शेवटी लिंबू भरपूर. आंबट असलं की मीठ कमी असल्याचं जिभेला फारसं कळत नाही. घरी कुटलेला मसाला बिनमिठाचा असेल तर चालतो, पाकिटावर मात्र सोडियम वाचायचं. 'लो-सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही.

तिथेही मी जळतच होतो. तिचा हात न बघता चालायचा, माझी सुरी बोटावर यायची. पण आता मी बोलायचो. "ताई, तेल जास्त झालं," म्हणायचो आणि ती काढायची.

सहा महिन्यांनी इको पुन्हा केला. इजेक्शन फ्रॅक्शन पन्नास. "छान," मॅडम म्हणाल्या, "गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत." सुलभा आता जिना न थांबता चढते. त्या मॅडमचे, वॉर्डातल्या सिस्टरांचे आणि रेखाताईचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी असा आजारी माणूस असेल आणि तो दुसऱ्याच्या हातचं आवडीने खात असेल, तर तुम्हालाही वाईट वाटेल. वाटू द्या. पण डब्यात काय आहे ते विचारा आणि खटकलं तर त्याच क्षणी बोला.

गेल्या रविवारी रेखाताईचा फोन आला. सुलभाने माझ्या चिकनचं तिच्याकडे कौतुक केलं होतं म्हणे. "अनंतराव, तुमचं मऊ राहतं, माझं बिनमिठाचं सुकं पडतं. काय करता तुम्ही?" मला फार बरं वाटलं. मग सांगितलं. चिकन पुसून कोरडं करतो, दही टांगून घट्ट करतो, गॅस बंद केला की पाच मिनिटं झाकण काढत नाही. एकही गोष्ट मागे ठेवली नाही.