पाचव्या दारावरची पाटी

त्या दुपारपासून मला अंधारात खुर्ची सरकल्याचा आवाज सहन होत नाही. खुर्च्यांवरच पोट भरणाऱ्या माणसाने हे सांगावं म्हणजे लाजच आहे, पण आहे ते आहे.

माझा धंदा सभागृहांना खुर्च्या, पडदे आणि काळं कापड पुरवण्याचा. नेऊन लावायचं, कार्यक्रम झाला की काढून आणायचं. बावीस वर्षं करतोय, आणि त्यासाठी एकही परीक्षा दिलेली नाही. म्हणून ताईच्या मुलीने विद्यापीठात इव्हेंट मॅनेजमेंटला प्रवेश घेतला तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो, "माशाच्या पिलाला ताईने पोहायचा क्लास लावलाय." तिच्या पुस्तकात माणसांच्या रांगा कशा लावाव्यात यावर एक अख्खा धडा होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि ताईसकट सगळे हसले.

भाची हसली नाही. म्हणाली, "मामा, तू खुर्च्या लावतोस. त्यांच्यावर बसलेली माणसं किती मिनिटांत बाहेर पडतील, हे कधी मोजलंस?"

मी नव्हतं मोजलं. कार्यक्रम संपला की माणसं आपापली जातात, एवढंच मला ठाऊक होतं.

पोरगी मुळात भित्री. हा गुण आईकडून आलेला. ताई घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाते आणि ते ओढून बघायला परत येते. ताई दोनदा बघते, तर ही तीनदा. वर्गात तिचं नाव 'परत-बघू' पडलं होतं, कारण सगळं झालं, चला निघू, असं कुणी म्हटलं की हिचं सुरू, "थांब, परत बघू." मीही तिला कमी छळलं नाही. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण मी तिला इतक्या वेळा ऐकवली की मी तोंड उघडायच्या आत तीच पुरी करायची.

आणि गंमत बघा, त्या कोर्सात भीतीचाच एक पेपर निघाला. एखादा कार्यक्रम घ्यायचा, त्यात काय काय बिघडू शकेल ते लिहायचं आणि प्रत्येकावर उपाय सांगायचा. इतरांनी तीन-तीन पानं लिहिली, हिने चौदा. वर्गात पहिली आली. तिच्या प्राध्यापक बाईंनी तिला बोलावून सांगितलं, "या धंद्यात शिरायला तुला हीच वाट आहे, सोडू नकोस." एका मोठ्या कंपनीत सुरक्षेच्या कामाला एक जागा होती. एकच. ती कुणाला द्यायची हे शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकावर ठरणार होतं, आणि ते बघायला कंपनीच्या बाई स्वतः येणार होत्या. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. पोरीचं जेवण निम्म्यावर आलं.

प्रात्यक्षिक म्हणजे वर्गाने मिळून खराखुरा कार्यक्रम उभा करायचा. नाच आणि प्रकाशाचा तासाभराचा खेळ, विद्यापीठाच्याच सभागृहात, दुपारी चारला, पावणेचारशे प्रेक्षक. वर्गातला एक उंच पोरगा दिग्दर्शक झाला होता. सगळे त्याला दिग्दर्शकच म्हणायचे, त्यामुळे तो चालायलाही तसाच लागला होता. भाचीकडे सुरक्षा. हातात वॉकीटॉकी आणि सतरा गोष्टींची यादी. यादीखाली तिची सही झाल्याशिवाय प्रेक्षकांना आत घ्यायचं नाही, आणि तिने 'थांबवा' म्हटलं की खेळ थांबलाच पाहिजे, असा नियम. जवळच्या वृद्धाश्रमातले तीसेक म्हातारे यायचे होते. त्यांना तिने पुढच्या दोन रांगा दिल्या, कारण तिथून पाचव्या दारापर्यंत एकही पायरी नव्हती. खुर्च्या आणि पडदे अर्थातच माझे.

अडीचच्या सुमारास दिग्दर्शक माझ्याकडे आला. खेळाची सुरुवात त्याला ठार अंधारात करायची होती, चांगली तीन मिनिटं. मागच्या चार दारांचा त्रास नव्हता. पण पाचवं दार रंगमंचाच्या शेजारी, आणि त्याच्यावरच्या 'बाहेर' लिहिलेल्या हिरव्या पाटीचा उजेड थेट रंगमंचावर पडत होता.

"काका, काही करता येईल का?"

हे काम मी शंभर वेळा केलंय. शिडी लावली, पाटीवर काळं कापड चिकटवलं. दाराची पांढरी चौकट डोळ्यांत येत होती, म्हणून शेजारचा पडदाही दोन हात पुढे, दारावरून ओढून घेतला. भिंत एकसारखी काळीभोर झाली. दिग्दर्शक खूश, मीही खूश.

साडेतीनला भाची यादी घेऊन आली. दारं तिने सकाळी बघितली होती, पण पडदे लागल्यावर पुन्हा बघायची होती. चार बघून झाली होती, पाचवं राहिलं होतं. बाहेर माणसं ताटकळत होती. दिग्दर्शक घड्याळ दाखवत होता, आणि त्याच्या मागे उभे असलेले दोघंतिघं 'परत बघू, परत बघू' म्हणत खिदळत होते. तिचे कान लाल झाले.

मी म्हटलं, "पाचवं मी बघितलंय. आत्ता तिथूनच आलो. कर सही."

तिचं पेन कागदावर थांबलं. "बघून येते ना मामा. एकच मिनिट."

"अगं, जन्मात एकदा तरी न बघता सही कर."

सगळे हसले. तीही हसली, आणि तिने सही केली.

कापडाचं मी तिला का सांगितलं नाही, असं मला नंतर कितीतरी जणांनी विचारलं. खरं सांगतो, ते सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. बावीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

दिवे गेले. मी डाव्या भिंतीला टेकून उभा होतो, शेजारी दिग्दर्शक. स्वतःचा हात दिसेना, असा अंधार. ढोल घुमायला लागला. पहिलं मिनिट छान गेलं.

मग पुढच्या रांगेत काठी टेकल्याचा आवाज आला. एक म्हातारा आवाज म्हणाला, "मला बाहेर जायचंय. दार कुठे आहे?" कुणीतरी गप्प बसा म्हणालं. त्यानंतर मला कापडावरून हात फिरल्याचा आवाज ऐकू आला. माझ्या कापडाचा आवाज मी झोपेतही ओळखेन. तो हात चाचपत चाचपत पुढे जात होता, आणि म्हाताऱ्याचा श्वास मोठा होत चालला होता. "दार नाहीये इथे," तो म्हणाला. या वेळी जरा जोरात.

"काय झालं? काही जळतंय का?" एका बाईने विचारलं.

काहीही जळत नव्हतं. पण 'जळतंय' हा शब्द एका रांगेतून दुसरीत गेला, दुसरीतून तिसरीत, आणि प्रत्येक रांगेत त्यातलं 'का' गळून पडलं. खुर्च्या सरकायला लागल्या. आधी दोन-चार, मग एकदम खूप. त्या खुर्च्या सरळ रांगेत राहाव्यात म्हणून मीच दहा-दहा एकमेकींना बांधल्या होत्या. एक उलटली तर दहा उलटतात. माझी पाचावर धारण बसली. 'बसा, काही नाही, दार इथे आहे' एवढंच ओरडायचं होतं. मी मात्र भिंतीला आणखी चिकटलो.

तेवढ्यात दिग्दर्शकाच्या हातातल्या वॉकीटॉकीतून भाचीचा आवाज आला. "थांबवा. हॉलचे सगळे दिवे लावा."

"अगं एकच मिनिट राहिलंय," तो कुजबुजला. "कंपनीच्या बाई बसल्यात."

"थांबवा." आवाज रडवेला होता, पण शब्द तोच.

दिवे लागले. म्हातारा दोन्ही तळवे पडद्यावर टेकून उभा होता, दारापासून हातभर पुढे. तोंड पांढरंफटक. तिसऱ्या रांगेत एका बाईचा पाय दोन खुर्च्यांच्या मध्ये अडकला होता आणि मागचे तिच्या पाठीवर रेलले होते. भाची मागून धावत आली, तिने पडदा ओढला, दार उघडलं. बाहेर चांगलं ऊन पडलेलं होतं. ते बघून लोक ओशाळवाणं हसले आणि खाली बसले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

शेजारच्या खोलीत चौकशी झाली. प्राध्यापक बाई, कंपनीच्या बाई, दिग्दर्शक, भाची, आणि दाराशी मी. प्राध्यापक बाईंनी विचारलं, "पाटी कुणी झाकली?" दिग्दर्शक बुटांकडे बघत राहिला. भाचीने एकदा माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. कापड कुणाचं हे तिला कळणार नाही तर कुणाला?

मी बोललो नाही. या सभागृहाचं काम सुटलं तर वर्षाचं निम्मं काम गेलं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

"झाकली कुणीही असेल," ती म्हणाली. "बघायचं काम माझं होतं. मी न बघता सही केली."

कंपनीच्या बाईंनी तिची यादी शांतपणे वाचली आणि टेबलावर ठेवली. "वेळेवर थांबवलंत, ते चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "पण न बघता सही करणारं माणूस मला घेता येणार नाही." प्राध्यापक बाईंनी प्रात्यक्षिक नापास म्हणून लिहिलं. सहा महिन्यांनी पुन्हा द्यायचं.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. चौकात लाल दिव्याला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "मी बोलायला हवं होतं गं. घाबरलो."

"माहितीय," ती म्हणाली. "मीपण घाबरलेच होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी गाडी उलटी वळवली. सभागृहाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा कंपनीच्या बाईंची गाडी निघून गेलेली होती. वरच्या मजल्यावर प्राध्यापक बाईंच्या खोलीत मात्र खिडकीतून पंखा चालू दिसत होता. भाची म्हणाली, "मामा, आता काही उपयोग नाही." मी उतरलो. जिन्याला अठरा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर मला परत फिरावंसं वाटत होतं.

"बाई," मी दारातूनच म्हटलं, "पाटी मी झाकली होती."