शून्यावरचा लाल बाण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक आहे – आधीची नोकरी का सोडली, साखर वाढलेली असताना चोरून जिलबी कुठे खातो – पण हे नाही. आज तुम्हाला सांगतो.

तसं माझं छान चाललंय. अमरावतीत घर आहे, काम आवडीचं आहे. कपाशीच्या शेतात कामगंध सापळे लावतात, त्यांत बोंडअळीचे पतंग अडकतात. गावोगावची माणसं ते मोजून दर आठवड्याला आकडे पाठवतात आणि आम्ही त्यांचे आलेख काढतो. त्या आलेखांवर बाण काढून टिपण टाकणारे कोडचे छोटे तुकडे मी लिहिले. एकदा लिहायचे, मग कुठल्याही गावाच्या आलेखाला जोडायचे – ‘इथे पाऊस’, ‘इथे फवारणी’. ऑफिसात अजूनही सगळे तेच वापरतात, आणि – खोटं कशाला बोलू – मला त्याचा अभिमान आहे.

त्यातलाच एक तुकडा रिकाम्या जागा शोधायचा. आकडा नसला, की लाल बाण आणि ‘नोंद घेतली नाही’. एवढ्याशा कामात माणूस काय चुकणार?

धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावाचे आकडे ज्योतीताई पाठवायच्या. अकोल्याच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर त्यांच्या गावाचा आलेख आला, आणि त्यावर ओळीने चार लाल बाण. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, महिनाभर शेतात फिरकलाच नाहीत का?

ज्योतीताई उभ्या राहिल्या. “मी दर आठवड्याले गेली होती, सायेब. सापळ्यात पतंगच नव्हते, तं मी काय लिवू? शून्य लिवलं.”

मागून कोणीतरी हसलं. साहेबांनी पुढचं गाव काढलं. ताई बसल्या, पदर सारखा करत राहिल्या.

मी लॅपटॉपमागे होतो. मला तिथेच कळलं – हो, तिथेच, नंतर नाही. माझ्या तुकड्याला शून्य आणि कोरी जागा एकच वाटत होती. इतर गावांत शून्य कधी आलंच नव्हतं, म्हणून चूक दिसली नव्हती. ताईंच्या गावाने वेचणीनंतर उरलेल्या पऱ्हाट्या वेळेवर उपटून शेतं साफ केली होती, अळीला थाराच ठेवला नव्हता; ते शून्य म्हणजे खरं तर शाबासकीची गोष्ट. तोंड उघडायला मला किती वेळ लागला असता? पण त्याच बैठकीत माझ्या तुकड्यांचं कौतुक व्हायचं होतं – आणि झालंही. मी खाली मान घालून टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कोडमधली एक ओळ बदलली. दहा मिनिटांचं काम. कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात ताई काही कामाने ऑफिसात आल्या. चहा घेताना हसत म्हणाल्या, “भाऊ, आता मी शून्य लिवतच नाही. एकही पतंग नसला तरी एक लिवतो. तुमचं कम्प्युटर मले खोटी ठरवते, त्यापरीस एक बरा.”

मी काय केलं? मीही हसलो. आता शून्य चालतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं – पण मग त्यांनी विचारलं असतं, तेव्हा का नाही चाललं? मी त्यांना आणखी चहा हवा का विचारलं.

त्या अजून आकडे पाठवतात, एकही आठवडा न चुकता. मला झोप लागते, जेवण गोड लागतं, कोणी विचारलं तर मी सुखी आहे असंच सांगेन. फक्त दर हंगामात त्यांच्या गावाचा आलेख माझ्यासमोर येतो. रेघ खाली उतरते, उतरते – आणि एकावर थांबते. मग आठवडेच्या आठवडे तशीच सरळ जाते. तिथे बाण काढून काय लिहायचं, ते मला माहीत आहे. मी ती जागा कोरी सोडतो.